कै. डॉ. वाल्देमार हाफकीन

परळच्या हाफकीन संस्थेवरून आपल्यापैकी कित्येकांचे नित्य जाणे-येणे असते. म्हणून तिच्या जनकाचा अल्प परिचय आम्ही येथे सादर करीत आहोत.

१८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मलेल्या ह्या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्रथम ग्रंथपालाची जागा पत्करली. पटकीची लस सिद्ध करून १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेगने हाहाकार उडविला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली! १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात आली.

पुढे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्वांची लस एकाच बाटलीतील होती. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्यांस काहीही अपाय झाला नाही. तरीही ठपका डॉक्टरसाहेबांवर आला व परळ सुटले. रोनाल्ड रॉसप्रभृती शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने झगडले, तेव्हा कुठे १९०७ साली ते निर्दोष ठरले. नेमणूक मात्र कलकत्त्यास मिळाली. आमच्या मते हा अन्यायच होय.

१९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली लोझान येथे ते निवर्तले.