दादासाहेब फाळके : छायाचित्रकार आणि दोन महायुद्धे

विसाव्या शतकातील युद्ध म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर खंदकांची व उद्ध्वस्त नगरांची छायाचित्रे उभी राहतात. परंतु युद्धामुळे जी चित्रे काढताच आली नाहीत, त्यांचाही इतिहास असतो. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे चरित्र तुम्ही या दृष्टीने वाचावे.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेऊन त्यांनी गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. प्लेगच्या साथीत पत्नी व मूल गमावल्यावर तो मोडला. पुढे पुरातत्त्व खात्यात आरेखक व छायाचित्रकार म्हणून नोकरी, मग छपाईचा व्यवसाय, असा त्यांचा प्रवास झाला.

१९१२ साली लंडनहून चलच्चित्रणाचा कॅमेरा घेऊन ते परतले, तेव्हा हाती भांडवल नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतराने त्याचे एकेक चित्र घेतले. सुमारे महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. घराघरांतल्या परसात रोज घडणारी ही गोष्ट, पण ती पाहूनच त्यांना कर्ज मिळाले. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही गहाण पडले. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला.

१९१४ मध्ये आपले चित्रपट दाखविण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. तेथे कौतुक झाले. पण तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले आणि इकडे सावकारांनी हात आखडले. कच्ची फिल्म परदेशातून येत असे, हेही ध्यानात घ्या. फाळके रणांगणापासून हजारो मैल दूर होते, तरी युद्धाची झळ त्यांच्या कारखान्याला लागलीच. अशा काळात, १९१७ मध्ये, ‘लंकादहन’ने त्यांना सावरले. चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा त्यांचा एक लघुपटही त्याच सुमाराचा आहे. त्याच्या उपलब्ध अंशात फाळके स्वतः काम करताना दिसतात. आमच्या मते, त्या काळच्या श्रमजीवनाचा दस्तऐवज म्हणून तो त्यांच्या पौराणिक चित्रपटांइतकाच मोलाचा आहे.

पुढे भागीदारांशी बेबनाव झाला, बोलपट आले आणि फाळके मागे पडले. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले व चित्रपटनिर्मितीस परवाना आवश्यक झाला. उतारवयातही त्यांनी तो मागितला; मिळाला नाही. नकारानंतर थोड्याच दिवसांत, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, नाशिक येथे त्यांचे निधन झाले. युद्ध त्यानंतरही दीड वर्ष चालू होते.