टिफ्रॅकचे शिल्पकार : रंगस्वामी नरसिंहन

प्रास्ताविक

बँक, रेल्वे आरक्षण, रुग्णालय, कचेरी अशा सर्व ठिकाणी आज संगणक वापरला जातो. मात्र आपल्या देशात संगणक घडविण्याचा पहिला मोठा प्रयत्न कोणी केला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांनी कधी संगणक हाताळलाही नव्हता, अशा तरुणांना बरोबर घेऊन मुंबईत संगणक उभा करणाऱ्या एका शास्त्रज्ञाचा परिचय प्रस्तुत पाठात करून दिला आहे.

पाठ

महाविद्यालयात संगणकाचा प्राथमिक अभ्यासक्रम सुरू झाला, की पहिल्या प्रकरणात बहुधा संगणकाचा इतिहास असतो. इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज यांचे एकोणिसाव्या शतकातील गणनयंत्राचे स्वप्न आणि १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेला ‘एनिॲक’ यांची माहिती विद्यार्थी पाठ करतात. संगणकनगरी म्हणून नावाजलेल्या बंगळूरु शहरातही हेच चित्र दिसते. परंतु याच शहरात ३ सप्टेंबर २००७ रोजी ज्यांची जीवनयात्रा संपली, त्या रंगस्वामी नरसिंहन यांचे नाव त्या प्रकरणात क्वचितच आढळते.

नरसिंहन यांचा जन्म १९२६ साली मद्रास येथे झाला. गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून दूरसंचार विषयातील पदवी घेऊन ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी आधी विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि नंतर इंडियाना विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळविली. यंत्राचे ज्ञान आणि गणिताची शिस्त यांचा असा मेळ त्यांच्या ठायी झाला होता. संगणकाच्या कामाला या दोहोंचीही गरज होती.

१९५४ साली ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. डॉ. होमी भाभा यांनी स्थापन केलेल्या या संस्थेचा आरंभ १९४५ साली बंगळूरुमध्येच झाला होता आणि त्याच वर्षी ती मुंबईला हलविण्यात आली होती. अणुविज्ञानातील प्रदीर्घ आकडेमोड हाताने करणे दिवसेंदिवस अशक्य होत चालले होते. संगणक हवा, याविषयी दुमत नव्हते. प्रश्न होता तो विकत घ्यावा की घडवावा, हा. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने त्याच सुमारास इंग्लंडहून संगणक मागविला. मुंबईच्या संस्थेने मात्र तो स्वतः घडविण्याचे ठरविले.

हा निर्णय धाडसाचा होता. नरसिंहन यांच्या हाताखाली जेमतेम पाच-सहा तरुणांचा गट होता. त्यांतील बहुतेक जण नुकतेच पदव्युत्तर शिक्षण संपवून आलेले होते. नरसिंहन वगळता कोणी परदेश पाहिलेला नव्हता आणि संगणक बांधणे दूरच, त्यांच्यापैकी कोणी तो कधी वापरलेलाही नव्हता. म्हणून त्यांनी एकदम मोठ्या यंत्राला हात घातला नाही. आपली रचना बरोबर चालते की नाही हे पडताळण्यासाठी त्यांनी प्रथम एक लहान, प्रायोगिक यंत्र तयार केले. १९५६ च्या अखेरीस ते काम करू लागले. मग १९५७ मध्ये मोठ्या संगणकाची बांधणी सुरू होऊन १९५९ च्या आरंभी ती पूर्ण झाली. १९६० मध्ये तो रीतसर कार्यान्वित झाला.

हे यंत्र कसे होते, हे समजून घेण्यासारखे आहे. पोलादी कपाटांची सुमारे अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच अशी ती ओळ होती. तिच्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या बसविलेल्या होत्या. स्मृतीसाठी चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्या वापरल्या होत्या. तारेतून वीज सोडली, की कडी एका किंवा दुसऱ्या दिशेने चुंबकित होई. एक दिशा म्हणजे शून्य आणि दुसरी दिशा म्हणजे एक. अशा चाळीस चिन्हांचा एक ‘शब्द’ होई आणि ते यंत्र असे २,०४८ शब्द लक्षात ठेवू शके. आजच्या मोबाइलमधील एका छायाचित्रालाही ही स्मृती पुरणार नाही. त्यावर काम करणाऱ्यांना प्रत्येक आज्ञा शून्य आणि एक यांच्या यंत्रभाषेत लिहावी लागे. तरीही महिनोन्‌महिने चालणारी गणिते त्यावर झपाट्याने सुटू लागली. संस्थेबाहेरील संशोधकही आपले प्रश्न घेऊन येऊ लागले. जानेवारी १९६२ मध्ये संस्थेच्या कुलाबा येथील नव्या वास्तूचे उद्घाटन झाले. त्या वेळी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी या संगणकाचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. संस्थेच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून ते सिद्ध झाले होते.

या यशाला एक दुखरी बाजूही होती. टिफ्रॅक तयार होईपर्यंत पाश्चात्त्य देशांत निर्वात नलिकांचे युग मावळू लागले होते. त्यांच्या जागी ट्रान्झिस्टर आले होते. आकाराने लहान, कमी वीज खाणारे आणि सहसा न बिघडणारे. ज्या यंत्रासाठी उमेदीची वर्षे खर्ची घातली, ते जन्मतःच जुने ठरले. १९६४ साली संस्थेत ‘सीडीसी ३६००’ हा प्रचंड क्षमतेचा अमेरिकन संगणक आला आणि टिफ्रॅकचे काम संपत आले.

मग हे सारे श्रम वाया गेले का? तसे म्हणता येणार नाही. यंत्र जुने झाले, पण ते घडविताना तयार झालेली माणसे जुनी झाली नव्हती. संगणक आतून कसा चालतो, कोठे अडतो आणि अडल्यास कसा सुरू करावा, हे जाणणारी एक पिढी देशात निर्माण झाली. नवे आयात यंत्रही तिला परके वाटले नाही. नरसिंहन यांनी स्वतः त्या यंत्राचा मोह धरला नाही. त्यांचे लक्ष पुढच्या प्रश्नाकडे लागले होते.

१९६१ मध्ये ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गेले. तेथे सूक्ष्म कणांच्या मार्गांची असंख्य छायाचित्रे संगणकाकडून कशी वाचून घ्यावीत, याचा विचार चालू होता. नरसिंहन यांनी या प्रश्नाकडे भाषेच्या अंगाने पाहिले. वाक्य जसे शब्दांचे बनते आणि शब्दांच्या जोडणीला नियम असतात, तसे चित्रही लहान लहान रेषाखंडांचे बनते. त्यांच्या जोडणीचे नियम संगणकाला सांगितले, तर तो चित्राचे वर्णन करू शकेल. चित्राला व्याकरण असते, हा विचार या क्षेत्रात पायाभूत मानला गेला. पुढे मूल भाषा कशी आत्मसात करते, या प्रश्नाचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला आणि त्यावर ग्रंथ लिहिले.

संशोधनाबरोबर संस्था उभारण्याचे कामही त्यांनी केले. १९६५ साली स्थापन झालेल्या भारतीय संगणक संघटनेचे, म्हणजे ‘कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया’चे ते पहिले अध्यक्ष होते. संगणकांची देखभाल देशातच व्हावी यासाठी सरकारने १९७५ साली ‘सीएमसी’ ही कंपनी स्थापन केली. तिचे पहिले अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. १९७८ मध्ये ‘आयबीएम’ या अमेरिकन कंपनीने भारतातून काढता पाय घेतला, तेव्हा तिच्या संगणकांची निगा याच कंपनीने राखली. १९७७ साली भारत सरकारने नरसिंहन यांना ‘पद्मश्री’ किताब दिला. निवृत्तीनंतरचे आयुष्य त्यांनी बंगळूरुमध्ये व्यतीत केले आणि उतारवयातही चिंतन व लेखन चालू ठेवले.

आज टिफ्रॅकवर कोणी गणिते सोडवीत नाही. पण आपल्याला ठाऊक नसलेली गोष्टही आरंभ केल्याने शिकता येते, हा विश्वास त्या लहानशा गटाने देशाला दिला. संगणकाचा पहिला धडा गिरविणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो जपण्यासारखा आहे.

स्वाध्याय

१. नरसिंहन यांनी मोठ्या संगणकाआधी लहान यंत्र का तयार केले?
२. टिफ्रॅकची स्मृती कशी काम करीत असे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘यंत्र जुने झाले, पण ते घडविताना तयार झालेली माणसे जुनी झाली नव्हती.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
४. वाक्य आणि चित्र यांत नरसिंहन यांना कोणते साम्य दिसले?
५. नवी वस्तू विकत घेणे आणि ती स्वतः घडविणे, यांतील फरक तुमच्या अनुभवातील उदाहरण देऊन सांगा.