विश्वचषकाविना कर्णधार : जॉर्ज यंग

फुटबॉलच्या मैदानावर टाळ्या पडतात त्या गोल करणाऱ्याला. गोल होऊ न देणाऱ्या बचावपटूचे नाव सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. स्कॉटलंडचा जॉर्ज यंग मात्र याला अपवाद ठरला.

यंगचा जन्म २७ ऑक्टोबर १९२२ रोजी ग्रेंजमाउथ या बंदराच्या गावी झाला. महायुद्ध चालू असताना, १९४१ साली, तो ग्लासगोच्या रेंजर्स क्लबात दाखल झाला व १९५७ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिला. सहा फूट दोन इंच उंचीचा हा धिप्पाड गडी शॅम्पेनच्या बाटलीचे बूच शुभशकुन म्हणून जवळ बाळगी. म्हणून त्याचे टोपणनाव पडले 'कॉर्की'!

रेंजर्सच्या तेव्हाच्या बचावफळीला लोक 'पोलादी पडदा' म्हणत. १९४८-४९ च्या हंगामात लीग, स्कॉटिश कप व लीग कप हे तिन्ही मान रेंजर्सने मिळवले. स्कॉटलंडमध्ये असा पराक्रम प्रथमच घडला. त्या वर्षीच्या स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात यंगने पेनल्टीवर दोन गोल केले. १९५३ च्या अंतिम सामन्यात गोलरक्षक निव्हन जखमी झाला. त्या काळी बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती. तेव्हा यंग स्वतः गोलमध्ये उभा राहिला! सामना बरोबरीत सुटला आणि फेरसामना रेंजर्सने जिंकला.

देशाकडून तो ५३ सामने खेळला. त्यांपैकी ४८ सामन्यांत तो कर्णधार होता. सामन्यांची पन्नाशी गाठणारा तो पहिला स्कॉटिश खेळाडू. परंतु विश्वचषकाचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. १९५० साली ब्रिटिश स्पर्धेतील पहिल्या दोन संघांना ब्राझीलला जाता येणार होते. आपण विजेते ठरलो तरच जाऊ, असा हट्ट स्कॉटिश संघटनेने धरला. इंग्लंडकडून एका गोलाने हार झाली आणि दुसरा क्रमांक मिळूनही संघ घरीच राहिला. १९५४ मध्ये रेंजर्स उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. स्वित्झर्लंडला गेलेल्या स्कॉटिश संघाने उरुग्वेकडून सात गोल खाल्ले! १९५८ साठी संघ पात्र ठरला, तोवर यंगने बूट उतरवले होते. मे १९५७ मधील माद्रिदचा सामना खेळून निरोप घ्यावा, ही त्याची इच्छाही निवडकर्त्यांनी पुरी केली नाही.

पुढे थर्ड लॅनार्क क्लबाचा तो व्यवस्थापक झाला. १९६०-६१ मध्ये या क्लबाने लीगमध्ये शंभर गोल केले. आयुष्यभर गोल अडवणाऱ्याच्या हाताखाली हे घडावे, ही मोठी गंमतच! १० जानेवारी १९९७ रोजी यंग निवर्तला.

विश्वचषक हुकला तो इतरांच्या निर्णयांमुळे. यंगच्या हाती होते ते आपली जागा राखणे, आणि ती त्याने सोळा वर्षे राखली. खेळाडूची थोरवी मोजताना हेही धरायला हवे.