अमझेऱ्याचा रणसंग्राम आणि श्रीमंत चिमाजीअप्पा

श्रीमंत चिमाजीअप्पांचे नाव निघाले की महाराष्ट्राला वसई आठवते, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु वसईच्या दहा वर्षांहून अधिक काळ आधी, नर्मदेपलीकडे अमझेरा येथे या पुरुषाच्या कर्तृत्वाची पहिली मोठी परीक्षा झाली. तिचे स्मरण भाविकांना उपकारक व्हावे असे आहे.

बाळाजी विश्वनाथ व राधाबाई यांचे हे कनिष्ठ पुत्र आणि थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू. प्रकृती नाजूक, वृत्ती शांत व श्रद्धाळू. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींच्या ठायी या घराण्याची निष्ठा होती. ज्येष्ठ बंधूंच्या तेजापुढे अप्पा काहीसे झाकोळल्यासारखे दिसत. पण कसोटीचा क्षण आला तेव्हा ते एकटेच उभे होते.

1728 सालच्या पावसाळ्यानंतर दोघे बंधू दोन वाटांनी उत्तरेकडे निघाले. बाजीराव वऱ्हाडाच्या बाजूने गेले. चिमाजीअप्पा खानदेशातून नर्मदेकडे आले. त्यांच्यासमवेत उदाजी पवार, मल्हारराव होळकर यांच्यासारखे माळव्याची वाट न् वाट जाणणारे सरदार होते. माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा चुलत बंधू दया बहादूर हे शूर असून मराठ्यांच्या चौथाईस त्यांचा कडवा विरोध होता. मराठे अमझेऱ्याच्या घाटानेच वर चढतील या अपेक्षेने त्यांनी तेथे मोर्चे बांधले होते.

नोव्हेंबरच्या अखेरीस अप्पा नर्मदा उतरले. थांबावयास सबळ कारणे होती. वडील बंधू शेकडो कोस दूर. पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत आठवडे लोटले असते. वय अवघे विशीतले, मुलूख परका, आणि पराभव झाला असता तर पाठीशी नर्मदेचे पात्र. परंतु शत्रूची दृष्टी एका घाटावर खिळली आहे तोवरच दुसरा घाट मोकळा होता. ही अनुकूलता फार दिवस टिकणारी नव्हती. शत्रूला चाहूल लागताच तोफांची तोंडे फिरली असती. अप्पांनी विलंब केला नाही. मांडूच्या घाटाने फौज पठारावर चढली आणि जिकडून येईल असे शत्रूच्या मनातही नव्हते तिकडून त्याच्यावर तुटून पडली. 29 नोव्हेंबर 1728 रोजी अमझेऱ्याजवळ घनघोर युद्ध होऊन गिरिधर बहादूर व दया बहादूर दोघेही धारातीर्थी पडले. माळव्याचे द्वार एका दिवसात उघडले.

यास साहस म्हणावे काय? अविचाराने घेतलेली उडी ती साहस. अप्पांचा विचार आधीच झालेला होता. वाटांची माहिती, सरदारांची निवड, हलक्या घोडदळाची सिद्धता ही सर्व पूर्वतयारी पदरी असल्यामुळेच निर्णयास घटका पुरली. श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांत दीर्घसूत्रीपणा गणिला आहे, तो उगाच नव्हे. विचार कर्माची वाट उजळतो तोवर तो सात्त्विक. कर्माची वाट अडवू लागला की त्याचेच तम होते. अमझेऱ्यास अमका-झमका देवीचे स्थान असून रुक्मिणीहरण तेथेच झाले अशी तिकडील परंपरा आहे. रुक्मिणीचा निरोप पोहोचताच भगवंतांनी सैन्याचीही वाट न पाहता रथ जोडविला, ही भागवतातील कथा त्या भूमीत विशेष अर्थपूर्ण वाटते.

विजयानंतर अप्पा तसेच उज्जैनीवर चालून गेले. परंतु तेथे गिरिधर बहादुराचा पुत्र भवानीराम याने नगर नेटाने राखले. वेढा फळास येत नाही असे दिसताच अप्पांनी अभिमान धरून तेथे काळ दवडला नाही, वेढा उठविला. संधी साधणे आणि गेलेली संधी सोडणे ही एकाच विवेकाची दोन अंगे होत. पुढे मार्च 1729 मध्ये बाजीरावांनी वृद्ध छत्रसालाच्या हाकेस धावून जाऊन बंगषास जैतपुरास कोंडले, तेव्हा माळव्यातील मुख्य प्रतिपक्ष आधीच नाहीसा झालेला होता.

हेच अप्पा 1737 पासून सुरू झालेल्या वसईच्या मोहिमेत धीराचे मेरू ठरले. सुरुंग फसले, माणसे पडली, तरी नेट सुटला नाही. मे 1739 मध्ये किल्ला हाती आला. जेथे क्षण मोलाचा तेथे क्षणात, जेथे चिकाटी मोलाची तेथे वर्षानुवर्षे, असा हा पुरुष होता.

एप्रिल 1740 मध्ये बाजीराव निवर्तले आणि त्याच वर्षी 17 डिसेंबर रोजी अप्पांनीही देह ठेवला. माळव्याचा अधिकार बादशाही फर्मानाने पेशव्यांस मिळाला तो 1741 साली. ते फळ पाहण्यास दोघांपैकी एकही बंधू उरला नव्हता. फळ आपल्या हाती येईल की नाही याची चिंता बाजूस सारून जो प्राप्त कर्म वेळेवर करतो, त्याचे कर्म त्याच्यामागेही उभे राहते. अमझेऱ्याच्या त्या दिवसाचा बोध हाच आहे.