मोल्टके : नकाशावरचे युद्ध आणि रणांगणावरचा हिशेब

युद्धात विजय मिळवणे हे सेनापतीचे काम. परंतु तो विजय किती माणसांच्या मोबदल्यात मिळवायचा, हे ठरवणेही त्याचेच काम असते. एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाचा सर्वाधिक पद्धतशीर विचार करणाऱ्या सेनानींमध्ये प्रशियाचे फील्ड मार्शल हेल्मुट फॉन मोल्टके यांची गणना होते. 1864, 1866 आणि 1870-71 या तीन युद्धांनी जर्मनीचे एकीकरण घडवले आणि या तिन्ही युद्धांत प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुखपद मोल्टके यांच्याकडे होते. नकाशा, फासे आणि लाल-निळ्या सोंगट्यांनी खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळाला त्यांनी अधिकाऱ्यांच्या शिक्षणात मानाचे स्थान दिले. मात्र नकाशावर मांडलेला हिशेब प्रत्यक्ष रणांगणावर किती महाग पडू शकतो, याचा अनुभवही त्यांच्याच वाट्याला आला.

हलाखीचे बालपण

मोल्टके यांचा जन्म 26 ऑक्टोबर 1800 रोजी उत्तर जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात पार्खिम येथे झाला. घराणे सरदारांचे असले तरी हाताशी संपत्ती नव्हती. 1806 मध्ये नेपोलियनच्या फौजांनी ल्यूबेक शहर लुटले, त्यात मोल्टके कुटुंबाचे घरही सुटले नाही. वडील डेन्मार्कच्या सैन्यात दाखल झाल्याने मुलाची रवानगी कोपनहेगनच्या लष्करी शाळेत झाली. कडक शिस्तीच्या त्या वातावरणात त्याचे बालपण एकाकी गेले. अबोलपणा त्यांच्या स्वभावात कायमचा राहिला. पुढे त्यांना सात भाषा अवगत झाल्या, तेव्हा हा मनुष्य सातही भाषांत मौन पाळतो, असा विनोद त्यांच्याबद्दल प्रचलित झाला.

1822 मध्ये डेन्मार्कची नोकरी सोडून ते प्रशियाच्या सैन्यात आले आणि पुढच्याच वर्षी बर्लिनच्या युद्धविद्यालयात दाखल झाले. त्या काळी या संस्थेचे संचालक कार्ल फॉन क्लाउझेवित्झ होते. तुटपुंज्या पगारात भागत नसल्याने मोल्टके लेखन आणि भाषांतर करीत. घोडा विकत घेता यावा म्हणून त्यांनी गिबन यांच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचे जर्मन भाषांतर हाती घेतले. बारापैकी नऊ खंड पूर्ण झाले. पण प्रकाशकाने ग्रंथ काढलाच नाही आणि ठरलेल्या मोबदल्याचा केवळ काही भाग त्यांच्या हाती पडला.

सोंगट्यांचे सैन्य

मोल्टके युद्धविद्यालयात शिकत असतानाच, 1824 मध्ये, प्रशियाच्या तोफखान्यातील एक तरुण अधिकारी गेओर्ग फॉन राइसवित्झ यांनी युद्धखेळाची सुधारित आवृत्ती सैन्यापुढे मांडली. मूळ कल्पना त्यांच्या वडिलांची होती. मुलाने बुद्धिबळासारख्या चौकोनी पटाऐवजी 1:8000 प्रमाणाचा खरा भूभाग दाखवणारा नकाशा घेतला. एक खेळी म्हणजे युद्धातील दोन मिनिटे. खेळाडू लेखी हुकूम देत आणि त्यांची अंमलबजावणी पंच करीत असे. शत्रूचे सैन्य जोवर दृष्टीच्या टप्प्यात येत नाही तोवर त्याच्या सोंगट्या पटावर मांडल्या जात नसत.

या खेळाचा गाभा होता तो हानीच्या कोष्टकांचा. कोणत्या अंतरावरून, किती बंदुकांनी, कशा भूमीवर मारा झाला तर किती सैनिक पडतील, याचे अंदाज कोष्टकांत मांडलेले होते. नशिबाचा भाग फाशांवर सोपवलेला होता. ठरावीक मर्यादेपलीकडे हानी झालेली तुकडी लढण्यास निरुपयोगी ठरून पटावरून उचलली जाई. त्यामुळे टेकडी जिंकली, पण ती राखायला सैन्यच उरले नाही, असा प्रसंग खेळाडूवर ओढवे. उद्दिष्ट आणि हानी या दोहोंचा मेळ घालण्याचे शिक्षण अधिकाऱ्याला रक्त न सांडता मिळावे, हा या खेळाचा उपयोग होता. तत्कालीन जनरल स्टाफचे प्रमुख म्युफलिंग यांनी तो सैन्यभर खेळला जावा अशी शिफारस केली. राइसवित्झ यांना मात्र या यशाचे सुख लाभले नाही. 1827 मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

मोल्टके यांची पुढची काही वर्षे भूमापनाच्या कामात गेली. सायलेशिया आणि पोझेन प्रांतांचे नकाशे तयार करताना ओढे, चढ-उतार, रस्ते यांचा लष्करी अर्थ वाचण्याची सवय त्यांना लागली. 1833 मध्ये ते जनरल स्टाफमध्ये कायम झाले.

निझिपचा धडा

1835 मध्ये रजा घेऊन ते तुर्कस्तानच्या प्रवासास निघाले. सुलतान महमूद दुसरा याला आपले सैन्य आधुनिक करायचे होते. त्याच्या विनंतीवरून मोल्टके चार वर्षे तेथे राहिले. 1839 मध्ये इजिप्तच्या इब्राहिम पाशाविरुद्धच्या मोहिमेत ते तुर्की सेनापती हाफिझ पाशाचे सल्लागार होते. शत्रू बगल देऊन पुढे सरकत असल्याचे पाहून त्यांनी बिरेजिकच्या तटबंदीकडे माघार घेण्याचा सल्ला दिला. माघार अपमानास्पद मानून सेनापतीने तो नाकारला. 24 जून रोजी निझिप येथे तुर्की सैन्याचा धुव्वा उडाला. योग्य वेळी सोडलेली भूमी सैन्य वाचवते आणि हट्टाने धरलेली भूमी सैन्यासह जाते, हा धडा मोल्टके यांना पराभूत छावणीत मिळाला.

परतल्यावर 1842 मध्ये त्यांचा विवाह मेरी बर्ट यांच्याशी झाला. मेरी त्यांच्या बहिणीची सावत्र कन्या, वडील इंग्रज. वयात पंचवीस वर्षांचे अंतर असूनही हा संसार सुखाचा झाला. त्यांना अपत्य नव्हते. मेरी 1868 च्या नाताळच्या पूर्वसंध्येला निवर्तल्या.

लोहमार्ग आणि कोनिग्ग्रेट्झ

1857 मध्ये मोल्टके यांच्याकडे जनरल स्टाफचे प्रमुखपद आले. त्यांनी अधिकाऱ्यांसाठी युद्धखेळ, प्रत्यक्ष भूमीवरील अभ्यासदौरे आणि लेखी प्रश्नांची परंपरा दृढ केली. शत्रूच्या मुख्य सैन्याशी पहिली गाठ पडेपर्यंतच कोणतीही योजना खात्रीची असते, असे त्यांचे मत होते. त्यामुळे कनिष्ठ सेनानींना बारीकसारीक हुकूम न देता उद्दिष्ट सांगावे आणि मार्ग त्यांच्यावर सोपवावा, ही पद्धत त्यांनी रुजवली.

1866 मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध पेटले, तेव्हा पाच लोहमार्गांवरून प्रशियाचे सैन्य सरहद्दीवर पोहोचले. सैन्य विखुरल्याची टीका झाली. स्वतंत्रपणे कूच करून रणांगणावर एकत्र यायचे, ही मोल्टके यांची योजना होती. 3 जुलै रोजी बोहेमियात कोनिग्ग्रेट्झ येथे दोन्ही बाजूंचे मिळून चार लाखांहून अधिक सैनिक समोरासमोर आले. सकाळभर प्रशियाच्या तुकड्या ऑस्ट्रियाच्या तोफांखाली भरडल्या गेल्या. राजा विल्हेल्म चिंताग्रस्त झाला. पण मोल्टके यांनी माघारीचा विचारही नको असे सांगितले आणि राखीव सैन्य अकाली खर्च होऊ दिले नाही. दुपारी युवराजाचे सैन्य ऑस्ट्रियाच्या बगलेवर येऊन धडकले आणि पारडे फिरले. प्रशियाची हानी सुमारे 9 हजार, तर ऑस्ट्रियाच्या बाजूची सुमारे 44 हजार झाली. त्यातले निम्मे युद्धकैदी होते.

या विजयानंतर व्हिएन्नापर्यंत जाण्याचा मोह राजाला आणि अनेक सेनानींना झाला. पंतप्रधान बिस्मार्क यांनी तो रोखला. ऑस्ट्रियाला जर्मन राजकारणातून बाहेर काढण्याचे उद्दिष्ट साध्य झाले होते. शिवाय छावणीत पटकीची साथ पसरली होती. या मोहिमेत प्रशियाचे जितके सैनिक लढाईत मेले त्याहून अधिक रोगराईने दगावले. ही हानी युद्धखेळाच्या कोणत्याही कोष्टकात नव्हती.

ग्राव्हलोतची संध्याकाळ

फ्रान्सविरुद्धच्या 1870 च्या युद्धात हिशेबाचे स्वरूप बदलले. फ्रेंचांची शास्पो बंदूक प्रशियाच्या बंदुकीपेक्षा कितीतरी लांब मारा करीत होती. उलट क्रुप कारखान्याच्या पोलादी तोफांमुळे जर्मन तोफखाना वरचढ होता. फ्रेंच सेनापती बाझेन याला मेट्झहून पश्चिमेकडे निसटू न देणे हे मोल्टके यांचे उद्दिष्ट होते. 16 ऑगस्टला मार-ला-तूर येथे त्याची वाट अडली आणि 18 ऑगस्टला ग्राव्हलोत येथे मोठी लढाई झाली.

त्या दिवशी सँ प्रिव्हा गावासमोरच्या उघड्या उतारावर प्रशियाच्या राजरक्षक दलाने तोफांचा पुरेसा मारा होण्यापूर्वीच चढाई केली आणि सुमारे 8 हजार माणसे गमावली. दुसऱ्या टोकाला उतावळ्या स्वभावाचे जनरल श्टाइनमेट्झ यांनी दरीपलीकडच्या फ्रेंच मोर्चांवर पुन्हा पुन्हा सैन्य लोटले. संध्याकाळी राजाच्या संमतीने ताज्या दमाचे पोमेरेनियन दलही त्याच दरीत उतरले. अंधारात झालेल्या या चढाईतून काहीही हाती लागले नाही. मोल्टके स्वतः तेथे उपस्थित होते. पुढे युद्धाचा इतिहास लिहिताना त्यांनी याविषयी पडदा टाकला नाही. जागेवर हजर असलेल्या जनरल स्टाफच्या प्रमुखाने इतक्या उशिरा ती हालचाल होऊ द्यायला नको होती, असे त्यांनी नमूद केले.

जर्मनांची हानी 20 हजारांवर गेली. फ्रेंचांची त्याहून बरीच कमी होती. केवळ आकडे पाहिले तर हा पराभव ठरावा. परंतु बाझेनचे सैन्य मेट्झच्या तटबंदीत अडकले आणि ऑक्टोबरअखेर तेथेच शरण आले. उद्दिष्ट साधले, मात्र त्यासाठी मोजलेल्या किमतीतला बराच भाग टाळता येण्याजोगा होता. काही आठवड्यांत श्टाइनमेट्झ यांना सेनापतिपदावरून दूर करण्यात आले.

पॅरिसऐवजी सेदाँ

यानंतरचा निर्णय मोल्टके यांच्या कारकिर्दीतील सर्वात महत्त्वाचा मानला जातो. जर्मन फौजा पॅरिसच्या दिशेने निघाल्या असता, दुसरे फ्रेंच सैन्य मॅकमॉनच्या नेतृत्वाखाली बाझेनच्या सुटकेसाठी उत्तरेकडून वळसा घेत असल्याचे कळले. बातम्यांचा काही भाग चक्क वृत्तपत्रांतून आला होता. 25 ऑगस्टच्या रात्री मोल्टके यांनी राजधानीचे आकर्षण बाजूला ठेवून सैन्य उजवीकडे वळवले. शत्रूची राजधानी नव्हे, तर शत्रूचे सैन्य हे खरे लक्ष्य, हा विचार त्यामागे होता. 1 सप्टेंबरला बेल्जियमच्या सरहद्दीजवळ सेदाँ येथे फ्रेंच सैन्य चहूकडून वेढले गेले. या वेळी मोठे काम तोफखान्याने केले. दुसऱ्या दिवशी सम्राट नेपोलियन तिसरा याच्यासह फ्रेंच सैन्य शरण आले. युद्धकैद्यांची संख्या एक लाखावर गेली. जर्मन हानी सुमारे 9 हजार होती, म्हणजे ग्राव्हलोतच्या निम्म्याहूनही कमी.

सेदाँनंतर युद्ध संपेल ही अपेक्षा मात्र खोटी ठरली. पॅरिसमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि नवी सैन्ये उभी राहिली. पॅरिसचा वेढा 19 सप्टेंबरपासून 28 जानेवारी 1871 पर्यंत चालला. तोफा डागून शहर लवकर नमवावे, असा बिस्मार्क यांचा आग्रह; तर उपासमारीने ते आपोआप शरण येईल, असा मोल्टके यांचा हिशेब. तो कमी जर्मन रक्ताचा होता, पण त्याची झळ शहरातील सामान्य नागरिकांना बसली. जानेवारीत तोफांचा माराही झालाच. तहात मेट्झसह अल्सेस-लोरेनचा मोठा भाग जर्मनीकडे आला. मेट्झचा किल्ला संरक्षणासाठी आवश्यक आहे, असे मोल्टके यांचे ठाम मत होते. त्या भूमीपायी फ्रान्सचे कायमचे वैर पदरी पडले.

उत्तरायुष्यातील इशारा

विजयानंतर प्रशियाच्या पद्धतीचे अनुकरण अनेक देशांनी सुरू केले. पुढे भारतात व्हाइसरॉयच्या मंडळात अर्थखाते सांभाळणारे एव्हलिन बेअरिंग यांनी 1872 मध्ये ब्रिटिश सैन्यासाठी युद्धखेळाचे नियम तयार केले. 1885 मध्ये मेकेल या जर्मन अधिकाऱ्याने जपानमध्ये प्रशियाची युद्धविद्या नेली. मोल्टके यांच्या हाताखाली काम केलेल्या व्हर्डी द्यु व्हर्नुआ यांनी 1876 मध्ये कोष्टकांचे आणि फाशांचे जाळे दूर सारून सर्व निर्णय अनुभवी पंचावर सोपवणारा मुक्त खेळ सुचवला.

मोल्टके मात्र उत्तरायुष्यात अधिकाधिक साशंक होत गेले. 1888 मध्ये त्यांनी पद सोडले. 14 मे 1890 रोजी संसदेतील भाषणात त्यांनी बजावले की, राजांच्या मर्जीने होणाऱ्या युद्धांचा काळ संपला असून यापुढे राष्ट्राराष्ट्रांत होणारे युद्ध सात वर्षे किंवा तीस वर्षेही चालू शकेल, आणि जो युरोप प्रथम पेटवील त्याचे भले होणार नाही. 24 एप्रिल 1891 रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. 1914 मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा जर्मन जनरल स्टाफच्या प्रमुखपदी त्यांचाच पुतण्या आणि नामधारक हेल्मुट फॉन मोल्टके होता. झटपट विजयाची योजना मार्न नदीकाठी फसली आणि वृद्ध फील्ड मार्शलचा इशारा खरा ठरला.

1889 मध्ये एडिसन यांच्या ध्वनिमुद्रण यंत्रावर मोल्टके यांचा आवाज टिपण्यात आला होता. 2012 मध्ये त्या मेणाच्या नळ्यांची ओळख पटली. सायलेशियातील क्रायझाऊ ही त्यांची जहागीर आज पोलंडमध्ये असून क्शिझोवा या नावाने ओळखली जाते. त्यांच्या घराण्यातील हेल्मुट जेम्स फॉन मोल्टके यांनी तेथेच हिटलरविरोधी विचारवंतांना एकत्र केले आणि जानेवारी 1945 मध्ये त्यांना फाशी देण्यात आली. नोव्हेंबर 1989 मध्ये जर्मन आणि पोलिश नेत्यांनी समेटाच्या प्रार्थनेसाठी याच वाड्याचे प्रांगण निवडले. आता तेथे निरनिराळ्या देशांतील तरुणांच्या भेटींचे केंद्र चालते.