पंडित नैनसिंह रावत

हिमालयाच्या उत्तरेस तिबेटचा उंच व विस्तीर्ण प्रदेश पसरला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याचा नकाशा जवळजवळ कोराच होता. ल्हासा नगरी नेमकी कोठे व किती उंचीवर वसली आहे, हे हिंदुस्थानातील भूमापकांना ठाऊक नव्हते. परकीयांस तेथे प्रवेशबंदी होती; मोजणीची यंत्रे घेऊन जाणाऱ्यास तर प्राणाचीच भीती होती. तो कोरा नकाशा पंडित नैनसिंह रावत यांनी आपल्या पावलांनी भरून काढला.

नैनसिंहांचा जन्म १८३० साली कुमाऊँमधील जोहार खोऱ्यात झाला. मिलम हे त्यांचे गाव. उन्हाळ्यात घाट ओलांडून तिबेटात व्यापारास जावे आणि हिवाळा येताच खाली उतरावे, असा तेथील शौका लोकांचा जीवनक्रम होता. त्यामुळे बर्फाळ वाटा व तिबेटी भाषा यांचा नैनसिंहांना चांगला परिचय होता. तरुणपणी श्लागिंटवाइट या जर्मन संशोधक बंधूंबरोबर त्यांनी प्रवास केला. पुढे ते गावच्या शाळेत शिक्षक झाले. त्यावरून त्यांना पंडित हे नाव मिळाले.

१८६३ साली सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन माँटगोमरी यांनी त्यांना या कामासाठी निवडले. डेहराडून येथे शिक्षण सुरू झाले. चढ असो वा उतार, पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे, असा सराव त्यांनी केला. अशा सुमारे २,००० पावलांचा एक मैल होई. यात्रेकरूंच्या जपमाळेत १०८ मणी असतात. नैनसिंहांच्या माळेत १०० होते. शंभर पावले झाली की ते एक मणी सरकवीत. माळ पुरी झाली म्हणजे सुमारे पाच मैल चालून होत. प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी नोंदींचे कागद असत. कवड्यांत लपविलेला पारा रात्री वाटीत ओतून, त्यात पडलेल्या ताऱ्याच्या प्रतिबिंबाच्या साहाय्याने ते स्थळाचे अक्षांश काढीत. उंचावर पाणी कमी तापमानास उकळते. म्हणून उकळत्या पाण्यात तापमापक धरून ते उंची ठरवीत.

१८६५ साली ते नेपाळमार्गे निघाले. सरहद्दीवरील अधिकाऱ्यांस संशय आला व त्यांना परतावे लागले. तरी ते खचले नाहीत. वेष पालटून ते तिबेटात शिरले आणि व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर चालू लागले. कोणी बोलावयास जवळ आले, की ते प्रार्थनाचक्र फिरवू लागत. जपात गढलेल्या माणसास कोणी हटकत नसे आणि पावलांची मोजणी चुकत नसे.

१० जानेवारी १८६६ रोजी ते ल्हासास पोहोचले. जवळचे पैसे संपत आले होते. तेव्हा नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून ते गुजराण करू लागले. दोन काश्मिरी व्यापाऱ्यांनी त्यांचे खरे स्वरूप ओळखले; परंतु त्यांनी ते गुपित राखले. पुढे परवानगीवाचून आलेल्या एका चिनी माणसाचा भर रस्त्यात झालेला शिरच्छेद नैनसिंहांनी पाहिला. आपलीही हीच गत होईल, हे त्यांनी जाणले. त्यांनी बिऱ्हाड बदलले व बाहेर पडणे कमी केले. परंतु ल्हासाची उंची व अक्षांश निश्चित करण्याचे काम त्यांनी पूर्ण केले.

मानससरोवराच्या बाजूने ते त्याच वर्षी परतले. सुमारे १,२०० मैलांची वाट त्यांनी मोजली होती. म्हणजे जवळजवळ २४ लक्ष पावले! त्यांच्या नोंदींमुळे, जे तिबेटात कधीच जाऊ शकत नव्हते त्यांनाही घरबसल्या त्या वाटेचे दर्शन घडले. मात्र प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात त्यांचे नाव नव्हते. केवळ पंडित एवढाच उल्लेख होता. नाव उघड झाले असते, तर पुढचे प्रवास अशक्य झाले असते.

१८६७ साली ते पश्चिम तिबेटातील ठोक जालुंगच्या सोन्याच्या खाणींकडे गेले. १८७४ साली लेहहून निघून, ल्हासा व तवांगमार्गे ते १८७५ च्या मार्चमध्ये आसामात उतरले. या कष्टांनी त्यांची प्रकृती खालावली व दृष्टी अधू झाली. त्यानंतर त्यांनी तरुण भूमापकांना शिकविण्याचे काम केले. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले आणि त्यांचे नाव जगापुढे आले. २००४ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

नैनसिंहांजवळ सैन्य नव्हते की संपत्ती नव्हती. कोणी पाहत नसताही प्रत्येक पाऊल खरेपणाने मोजण्याची निष्ठा मात्र होती. मोजणीत त्यांनी आळस केला असता, तर ते कोणास कळलेही नसते. पण नकाशा खोटा ठरला असता. त्या निष्ठेमुळेच एका डोंगरी गावच्या शिक्षकाची पावले भूगोलाच्या इतिहासात कायमची उमटली.