वेठ मोडणारी गोदूताई

मोर्चे काढून, रस्त्यावर बसून शेवटी हाती काय लागतं, असं आपल्यातल्या कितीतरी जणी विचारतात. पाण्यासाठीचा हंडा मोर्चा असो की दारूचं दुकान बंद करण्यासाठीच्या सह्या, चार दिवस गडबड होते, साहेब निवेदन घेतात आणि मग पुन्हा येरे माझ्या मागल्या! विचारणाऱ्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. पण मैत्रिणींनो, चळवळीचं फळ कशात मोजायचं हे कळायला हवं असेल, तर गोदावरी परुळेकर यांचं आयुष्य एकदा समजून घ्यावं.

गोदावरीबाईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ चा, पुण्यातला. माहेरचं आडनाव गोखले, वडील नामांकित वकील. घरी कशाची म्हणून कमी नव्हती. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या महिलांमध्ये त्यांचं नाव येतं. मनात आणलं असतं तर काळा कोट घालून सुखात आयुष्य गेलं असतं. पण १९३२ मध्ये त्या सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या. वडिलांना ते रुचलं नाही. बाई घर सोडून मुंबईला आल्या.

मुंबईत त्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. प्रौढांसाठी साक्षरतेचे वर्ग चालवले, घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली. तिथेच सहकारी शामराव परुळेकरांशी १९३९ मध्ये लग्न झालं. पुढे दोघं कम्युनिस्ट पक्षात गेले. महायुद्धाच्या काळात दोघांनी तुरुंगवासही भोगला. संसार असा की, घरापेक्षा गजाआड आणि गावोगावच जास्त!

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातून काही वारली तिथे आले होते. त्यांच्या तोंडून जे कळलं ते ऐकून गोदावरीबाई थेट त्या जंगलपट्टीत गेल्या. तिथे सावकार-जमीनदारांची वेठ चालायची, म्हणजे फुकट राबणं. त्याहून भयंकर प्रकार होता लग्नगड्याचा. लग्नासाठी मालकाकडून थोडे रुपये कर्ज घ्यायचे आणि मग नवरा-बायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटायचंच नाही. बाईच्या वाट्याला तर याहून वाईट भोग यायचे, ते वेगळं सांगायला नको. अंगाची हळदही उतरायच्या आत जी गुलाम व्हायची, तिच्या मनाचा विचार करून बघा.

२३ मे १९४५ ला झरी गावात हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, रोख बारा आणे मजुरीशिवाय मालकाच्या शेतावर जायचं नाही, असं ठरलं. मग बाई पाड्यापाड्यांवर हिंडल्या. लग्नगड्यांना तुम्ही आता मोकळे आहात म्हणून सांगत गेल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ काही महिन्यांत मोडली. कायद्याची वाट कुणी पाहिली नाही.

याची किंमतही मोजावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्यात गोदावरीबाईंची सभा आहे आणि त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी अफवा पसरली. वारली हजारोंनी गोळा झाले. बाई तिथे नव्हत्याच. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. पाठोपाठ बाईंना जिल्ह्यात यायलाच बंदी झाली. पण लोक घाबरून पुन्हा वेठीला गेले नाहीत.

आता जरा तुलना करू या. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने सारं जग हललं, साठ हजारांवर लोक तुरुंगात गेले, बायका पहिल्यांदा एवढ्या संख्येने घराबाहेर पडल्या. पण मिठावरचा कर गेला तो १९४७ मध्ये! मग सत्याग्रह फुकट गेला का? मुळीच नाही. सामान्य माणसाची सरकारची भीती गेली, हेच त्याचं फळ. तेलंगणात १९४६ ते १९५१ या काळात शेतकरी उठले. तिथेही वेठ मोडली, गरिबांना जमिनी मिळाल्या. पण त्यातल्या बऱ्याच जमिनी पुढे परत गेल्या. वारल्यांची चळवळ या दोन्हींहून आकाराने लहान. तिची वेठ लगेच सुटली, मात्र कसत्या जमिनीचा हक्क काही लगेच मिळाला नाही. वनहक्काचा कायदा यायला २००६ साल उजाडलं. त्याच्या अंमलबजावणीसाठी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो पायांना चालावं लागलं.

म्हणजे बघा, फळं दोन प्रकारची असतात. मनातली भीती जाते ती लवकर जाते आणि सहसा परत येत नाही. कागदावरचा हक्क मात्र उशिरा येतो, आणि मागे कुणी टिकून राहिलं तरच येतो. गोदावरीबाईंचं मोठेपण मला या टिकून राहण्यात वाटतं. वेठ सुटली म्हणून त्या पुण्याला परतल्या नाहीत. पुढची पन्नास वर्षं त्यांनी त्याच माणसांसाठी दिली. १९६५ मध्ये शामराव तुरुंगातच वारले, तरी त्या मागे फिरल्या नाहीत. तलासरीत आदिवासी मुलांच्या शिक्षणाची सोय उभी राहिली. या लढ्यावरच्या त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षही झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ ला त्या गेल्या. तलवाड्याचा हुतात्मा दिन दोनच दिवसांवर होता.

सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची वसाहत आहे. तीही वर्षानुवर्षं मागणी लावून धरल्यावर २००६ मध्ये मिळाली. तिला नाव दिलंय गोदूताईंचं. विड्या वळून बोटं झिजलेल्या बायकांच्या हक्काच्या दाराला हे नाव लागावं, यापेक्षा मोठं स्मारक कोणतं?

तेव्हा मोर्चाने काय होतं, असं कुणी विचारलं तर सरळ सांगावं की, मोर्च्याने सुरुवात होते. पहिल्या दिवशी शंभर जणी असतात, तिसऱ्या महिन्यात पाचच उरतात. त्या पाचांत आपण आहोत का, एवढंच ज्याचं त्याने स्वतःला विचारायचं.